एक्स ट्रूप

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने नाझी राजवटीतून निसटलेल्या, मुख्यतः ज्यू निर्वासितांतून उभारलेली जर्मनभाषक कमांडो तुकडी. अधिकृत नाव ‘क्रमांक १० (आंतर-मित्रराष्ट्रीय) कमांडो, ३ ट्रूप’. याच दलातील फ्रेंच, डच, बेल्जियन, नॉर्वेजियन, पोलिश व युगोस्लाव्ह तुकड्या आपापल्या देशाच्या नावाने ओळखल्या जात. ३ ट्रूपला सांगण्याजोगा देश नव्हता. बीजगणितातील अज्ञात राशीवरून ‘एक्स’ हे नाव चर्चिल यांनी दिले, असे सांगतात. तुकडीच्या स्मारकावर मात्र ‘३ ट्रूप’ असेच कोरले आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनने जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना ‘शत्रुदेशीय’ म्हणून मोठ्या संख्येने नजरबंद केले. त्यांत हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले ज्यू तरुणही सापडले. काहींना आयल ऑफ मॅनवर ठेवले, तर काहींची ‘ड्युनेरा’ जहाजातून थेट ऑस्ट्रेलियाला रवानगी झाली. सुटकेनंतर सैन्यात जायचे तर त्यांना बहुधा पायोनियर कोअर हाच मार्ग खुला होता. हे दल रस्ते, खंदक व मालाची चढउतार अशी अंगमेहनतीची कामे करी. जर्मन भाषा येणारी आणि नाझींशी लढायला उतावीळ असलेली ही माणसे कुदळ-फावडे चालवण्यात वाया जात आहेत, हे संयुक्त मोहिमांचे प्रमुख माउंटबॅटन यांच्या कार्यालयाने हेरले आणि १९४२ मध्ये तुकडी उभी राहिली. नेतृत्व वेल्समधील गिर्यारोहक ब्रायन हिल्टन-जोन्स यांच्याकडे होते. वेल्सच्या किनाऱ्यावरील ॲबरडव्ही गावात जवान बराकीऐवजी गावकऱ्यांच्या घरी भाड्याने राहत. कमांडोंच्या रिवाजाप्रमाणे त्यासाठी रोज ६ शिलिंग ८ पेन्स भत्ता मिळे.

पकडले गेल्यास या जवानांना दुहेरी धोका होता. ऑक्टोबर १९४२ च्या हिटलरच्या आदेशानुसार कोणत्याही कमांडोला ठार मारायचे होते. शिवाय मूळ ओळख उघड झाली तर ज्यू आणि ‘देशद्रोही’ म्हणून छळ ठरलेला, आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांवरही सूड उगवला जाण्याची भीती. म्हणून प्रत्येकाला इंग्रजी नाव घ्यावे लागले. बरेच जण आद्याक्षरे तशीच ठेवत: क्लाउस आशर कॉलिन अँसन झाला, हान्स हायोश इयन हॅरिस. अँसन हे आडनाव डोक्यावरून गेलेल्या अँसन विमानावरून सुचले, असेही सांगितले जाते.

नुसते नाव बदलून भागत नसे. पायोनियर कोअरमधील परकीयांचे सैनिक-क्रमांक ठरावीक मालिकेतले असल्याने जाणकाराला ते पाहताच माणूस कळे. त्यामुळे एखाद्या इंग्रज पायदळ रेजिमेंटचा नवा क्रमांक व बिल्ला दिला जाई. उच्चारातील परकेपणा झाकण्यासाठी परदेशात गेलेल्या बालपणाची हकिकत रचलेली असे. ब्रिटिश सैनिकाच्या गळ्यात दाबीव तंतूचे दोन ओळखबिल्ले असत, हिरवा अष्टकोनी व लाल गोल. त्यांवर क्रमांक, नाव आणि धर्म ठोकलेला असे. ज्यूंसाठी असलेल्या अक्षराऐवजी या जवानांच्या बिल्ल्यांवर सामान्यतः चर्च ऑफ इंग्लंडची खूण आली. मृत्यूनंतर लाल बिल्ला काढून नोंदीसाठी पाठवत. हिरवा देहाबरोबर राही.

तुकडी सहसा एकसंध लढली नाही. चार-पाच जणांचे गट निरनिराळ्या कमांडो दलांना जोडले जात. काम ठरलेले: पुढे जाऊन टेहळणी करणे, जर्मन पहारेकऱ्याला त्याच्याच भाषेत बोलून चकवणे, हाती आलेला नकाशा वा आदेश जागच्या जागी वाचणे, कैद्याला तो गोंधळलेला असतानाच बोलते करणे. यातील वेळेचे गणित महत्त्वाचे. मागील छावणीत दुभाष्यापर्यंत पोहोचेतो शत्रूची तोफ हललेली असे. ऑगस्ट १९४२ मधील दिएपच्या छाप्यात पाच जण होते. पुढे सिसिली, इटली, नॉर्मंडी व वाल्खेरेन बेट या आघाड्यांवर तुकडीचे जवान लढले. नॉर्मंडीत हिल्टन-जोन्स जखमी होऊन पकडले गेले. नंतर सूत्रे घेणारे जेम्स ग्रिफिथ, मूळ नाव कुर्ट ग्लाझर, एप्रिल १९४५ मध्ये आलर नदी ओलांडताना मारले गेले. बोर्केन गावचे मानफ्रेड गान्स (फ्रेड ग्रे) मे १९४५ मध्ये जीप घेऊन टेरेझिनच्या छळछावणीत गेले, तेव्हा त्यांना आईवडील जिवंत सापडले. व्हिएन्नाचे पाउल होर्निग सिसिलीत गंभीर जखमी झाले. तेच पुढचे विकास-अर्थशास्त्रज्ञ पॉल स्ट्रीटन. भारतीय नियोजनावरील त्यांच्या लेखन-संपादनामुळे आपल्याकडील अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव परिचित असते, त्यामागचा कमांडो सहसा नसतो.

एकूण संख्येबाबत एकमत नाही. ८७ हा आकडा अधिक ग्राह्य वाटतो. त्यांपैकी ज्यू किती, हे ठरवणे त्याहून अवघड. काही जण बाप्तिस्मा झालेल्या कुटुंबांतले, काहींचे पालकांपैकी एकच ज्यू, काही राजकीय निर्वासित. अँसन स्वतः प्रोटेस्टंट म्हणून वाढले. ज्यू वंशाचे त्यांचे वडील डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले.

या गुंतागुंतीचा परिणाम थडग्यांवर दिसतो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची शिळा सुमारे ८१ सेंमी उंच, ३८ सेंमी रुंद व ७.६ सेंमी जाड असते. वर रेजिमेंटचे चिन्ह, खाली क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख व वय, मधोमध धर्मचिन्ह आणि तळाशी कुटुंबाने निवडलेली ओळ. सगळा मजकूर सैनिकी नोंदींवरून येत असल्याने ज्यू जवानाच्या शिळेवर उसन्या रेजिमेंटचा बिल्ला, उसने नाव आणि क्रूस असे तिन्ही आले. तळाची ओळ लिहायला पुष्कळदा कुटुंबच उरले नव्हते.

दुरुस्तीसाठी आधी दोन्ही सैनिक-क्रमांकांचा मेळ घालून मूळ नाव गाठावे लागते, मग जन्मगाव व पालकांचा धर्म. १९३९ मध्ये ब्रिटनमधील जर्मन व ऑस्ट्रियन रहिवाशांची छाननी करणाऱ्या परकीय-न्यायाधिकरणांची नोंदपत्रे येथे उपयोगी पडतात. मात्र सोळा वर्षांखालील मुले न्यायाधिकरणापुढे उभी केली जात नसल्याने नाझी राजवटीतील मुलांना ब्रिटनमध्ये आणणाऱ्या आगगाड्यांतून (‘किंडरट्रान्सपोर्ट’) आलेल्यांचा माग तेथे लागेलच असे नाही. युद्धात मेलेल्यांची नागरिकत्वाची कागदपत्रेही सहसा नसतात, कारण बहुतेकांना ते युद्धानंतर मिळाले. ज्यू सैनिकी धर्मगुरू ज्यू सैनिकांची नोंदपत्रे ठेवत; त्यांत नाव न सापडणे हा तर पुरावाच नव्हे: ज्यांनी धर्म लपवला त्यांचे नोंदपत्र कोण करणार? पुरावा पुरेसा ठरला आणि नातेवाईक असल्यास त्यांची संमती मिळाली, तर डेव्हिडचा तारा हे ज्यू धर्मचिन्ह कोरलेली नवी शिळा बसवतात. खोल कोरलेला क्रूस घासून काढता येत नाही. ब्रिटनमधील ज्यू माजी सैनिक संघटनेच्या अभ्यासकांच्या पाठपुराव्याने अशा काही शिळा बदलल्या गेल्या आहेत. मात्र प्रत्येक क्रूस चूक समजून बदलणे योग्य नव्हे. बाप्तिस्मा झालेल्या जवानाला नाझींच्या वंशकायद्याने ज्यू ठरवले म्हणून त्याच्या थडग्यानेही तेच ठरवावे, याला आधार नाही.

ॲबरडव्हीच्या पेनहेलिग उद्यानात १९९९ मध्ये तुकडीचे स्मारक उभारले. गावाने केलेले स्वागत, १९४२-४३ मधील प्रशिक्षण आणि वीस जवानांचे वीरमरण एवढाच मजकूर त्यावर आहे. ‘ज्यू’ वा ‘निर्वासित’ हे शब्द नाहीत. त्यावर टीका होत आली आहे.