पोराला एफ-१ मिळाला म्हणून आईबापांना व्हिसा मिळत नाही हो!

कोथरूडच्या कट्ट्यावर अजून ऐकू येतं, पोराला अमेरिकेचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, मिळाला की आईवडिलांना डिपेंडंट (सोबत राहणाऱ्या कुटुंबाचा) व्हिसा मिळतो, मग आई जाऊन पोळ्याभाजीचं बघेल. अहो नाही! तो डिपेंडंट व्हिसा, एफ-२, फक्त नवरा किंवा बायको आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांसाठी असतो, आईबाप त्यात बसतच नाहीत, त्यांना बी-२ व्हिजिटर, आणि त्यावर १० वर्षं छापलेली दिसली तरी एका खेपेला किती राहायचं ते तिकडे उतरल्यावर ऑफिसर ठरवतो, साधारण ६ महिने. ऑस्ट्रेलियात सबक्लास ५९० गार्डियन व्हिसा आहे खरा, पण तो मुख्यतः १८ वर्षांखालच्या मुलांसाठी, ब्रिटनमध्ये तर मूल १२ च्या आतलं आणि खासगी शाळेत असेल तरच. एमएस करणाऱ्या २३ वर्षांच्या घोड्याला कोण पालक जोडून देणार!