एकच गण, पण रेणू वेगळे: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

नायट्रोजन आणि फॉस्फरस आवर्तसारणीच्या १५व्या गणात एकाखाली एक आहेत आणि दोघांच्याही बाह्यतम कवचात पाच इलेक्ट्रॉन आहेत. तरीही नायट्रोजनचा दोन अणूंचा रेणू हवेचा सुमारे ७८ टक्के भाग व्यापून बहुतेक रासायनिक घडामोडींपासून अलिप्त राहतो, तर पांढऱ्या फॉस्फरसचा चार अणूंचा रेणू हवेत जेमतेम तीस-पस्तीस अंशांना पेट घेत असल्याने पाण्याखाली ठेवावा लागतो.

एकाच गणातल्या मूलद्रव्यांचे रेणू इतके वेगळे का, हा प्रश्न आवर्तसारणीपेक्षा जुना आहे. १८३०च्या दशकाच्या आसपास फ्रेंच रसायनज्ञ द्युमा बाष्पांची घनता मोजून अणुभार काढू पाहत होते. फॉस्फरसच्या बाष्पाची घनता नायट्रोजनशी असलेल्या साधर्म्यावरून काढलेल्या आकड्याच्या दुप्पट भरली आणि गंधकाची ऑक्सिजनच्या तुलनेत तिप्पट. आज आपण म्हणू की फॉस्फरसचा रेणू चार अणूंचा निघाला आणि त्या तापमानाला गंधकाचा सहा अणूंचा. द्युमांना मात्र साधर्म्याचा आधारच निसटल्यासारखे वाटले, आणि आपल्या हाती असते तर विज्ञानातून ‘अणू’ हा शब्दच पुसून टाकला असता, असे त्यांनी १८३६ सालच्या व्याख्यानांत म्हटले. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेणूत सारखेच अणू असतात हे गृहीत सोडून दिले की विसंगती उरत नाही, हे इटालियन रसायनज्ञ कान्निझारो यांनी १८५८ मध्ये मांडले आणि १८६०च्या रसायनज्ञांच्या कार्ल्सरुहे परिषदेनंतर ते हळूहळू सर्वमान्य झाले.

१८६९ मध्ये मेंडेलीव यांनी गण ठरवताना हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्याशी होणाऱ्या संयुगांच्या सूत्रांना मोठे महत्त्व दिले. अमोनिया आणि फॉस्फीन (नायट्रोजन व फॉस्फरस यांची हायड्रोजनशी होणारी संयुगे) यांची सूत्रे एकाच साच्यातली असल्याने दोन्ही मूलद्रव्ये शेजारी बसली; पण सारणीने संयुजा (अणू किती बंध करतो ती संख्या) नोंदवली होती, रेणूचा टिकाऊपणा नव्हे. दोन अणूंमधला प्रत्येक बंध म्हणजे वाटून घेतलेली एक इलेक्ट्रॉन-जोडी, या अमेरिकन रसायनज्ञ लुइस यांच्या १९१६ सालच्या कल्पनेतूनही हा फरक उलगडत नव्हता, कारण इलेक्ट्रॉनांचे ठिपके मांडून दोन फॉस्फरस अणूंमध्ये तिहेरी (तीन जोड्यांचा) बंध तितक्याच सहज काढता येतो.

असाच फरक कार्बन आणि त्याच्या गणात त्याच्याखाली असलेल्या सिलिकॉनमध्येही आहे, आणि प्रयोगशाळेत त्याचा फटका ब्रिटिश रसायनज्ञ किपिंग यांना बसला. विसाव्या शतकाच्या आरंभी ते कीटोनचा (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असलेल्या संयुगाचा) सिलिकॉन-भाऊ शोधत होते आणि ‘सिलिकोन’ हे नाव त्याच आशेतून आले. कार्बन ऑक्सिजनशी दुहेरी बंध करून सुटा रेणू बनवतो, तर सिलिकॉन एकेरी बंधांच्या लांब साखळ्या करत गेला. कार्बन डायऑक्साइड वायू का आणि वाळू (सिलिकॉन डायऑक्साइड) घन का, याचे उत्तरही याच फरकात आहे.

बंधऊर्जेचे (बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेचे) आकडे हाती आल्यावर हिशेब स्पष्ट झाला. नायट्रोजनचा तिहेरी बंध सुमारे ९४५ किलोज्यूल प्रति मोल आणि एकेरी बंध सुमारे १६०, म्हणजे तीन एकेरी बंध मिळून ४८०च्या आसपास भरतात आणि तिहेरीच्या जेमतेम निम्म्यावरच थांबतात. फॉस्फरसचा तिहेरी बंध ४९०च्या आसपास, तर एकेरी २००च्या; येथे तीन एकेरी बंधांचे पारडे जड होते आणि चार अणूंची चौफलकी (चार त्रिकोणी बाजूंची रचना) जमते.

हे असे का, याचे उत्तर १९४८ मध्ये रसायनज्ञ पिट्झर यांनी जड अणूंच्या आतल्या कवचांमधील प्रतिकर्षणात शोधले: ती कवचे अणूंना दुहेरी बंधासाठी लागते तितके जवळ येऊ देत नाहीत. १९८४ मध्ये रसायनज्ञ कुट्झेलनिग यांनी भर वेगळीकडे दिला, आणि मला तो अधिक पटतो. त्यांच्या मते अपवाद खालच्या मूलद्रव्यांचा नसून सर्वांत वरच्याचा आहे. ऑर्बिटल म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन जिथे आढळतो तो भाग; एस आणि पी हे त्याचे प्रकार. दुसऱ्या आवर्तातील (सारणीच्या दुसऱ्या ओळीतील) पी-ऑर्बिटलच्या आत दुसरे पी-ऑर्बिटल नसल्याने ते जवळजवळ एस-ऑर्बिटलइतकेच आटोपशीर राहते आणि दोन्हींचे मिश्रण चांगले होते. मात्र अणू लहान असल्याने शेजारच्या अबंधित (बंधात न गुंतलेल्या) इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना ढकलतात आणि एकेरी बंध दुबळा पडतो. फ्लोरिनच्या रेणूचा बंध (सुमारे १५८) क्लोरिनच्या बंधाहून (सुमारे २४२) अशक्त का, हेही याच प्रतिकर्षणाने बरेचसे समजते.

दरम्यान १९८१ मध्ये वेस्ट यांच्या गटाने सिलिकॉन-सिलिकॉन आणि योशिफुजी यांच्या गटाने फॉस्फरस-फॉस्फरस दुहेरी बंध असलेली स्थिर संयुगे तयार केली होती. दोन्हीकडे युक्ती एकच होती: अणूंभोवती इतके बोजड गट बसवायचे की रेणूंना एकमेकांजवळ येऊन जुळताच येऊ नये. २००४ मध्ये सेकिगुची यांच्या गटाने सिलिकॉनचा तिहेरी बंधही हिरव्या स्फटिकांच्या रूपात मिळवला. त्याची रचना मात्र कार्बनचा तिहेरी बंध असलेल्या अ‍ॅसिटिलीनसारखी सरळ रेषेत निघाली नाही. दोन्ही टोके सुमारे १३७ अंशांच्या कोनात वाकलेली होती.