ऑइल कमी होतंय? लगेच इंजिन उतरवू नका

सोलापुरात उन्हाळ्यात गाडीचं ऑइल कमी झालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘उन्हानं उडालं’ आणि ‘रिंगा गेल्या, इंजिन उतरवा.’ पहिलं तर सोडूनच द्या. चालू इंजिनातलं ऑइल एरवीही शंभर अंशांच्या आसपास असतं; बाहेरच्या त्रेचाळीस अंशांनी ते उडून जात नाही.

दुसरं कधीकधी खरं असतं (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी), पण ते तपासून ठरवायचं. ऑइल जातं एक तर गळून, नाहीतर जळून. टॅपेट कव्हरखाली (इंजिनाचं वरचं झाकण), ड्रेन प्लगपाशी (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) चिकट काळी धूळ साचली असेल तर गळती. ती नसेल तर धूर बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणाऱ्या रबरांवर; बऱ्याच गाड्यांत ते हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवताही बदलता येतात. पुणे हायवेला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर धूर येतच राहिला, तर रिंगा. त्याआधी स्वस्तातला पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचलेले वायू बाहेर सोडणारा) तुंबलाय का ते बघाच, तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडखालची सीलबंद पट्टी). मात्र ऑइल रिंग (रिंगांमधली ऑइल खरवडून खाली ठेवणारी) चिकटली असेल तर कॉम्प्रेशन ठीक येऊनही ऑइल जळतं.

आणि किती जातंय ते मोजा. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिकवर (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा, मग हजार किलोमीटरनंतर पुन्हा. काही कंपन्या तेवढ्या अंतराला अर्धा लिटरही चालवून घेतात.