तुकडा बुडतोय का तरंगतोय: स्तनाच्या बायोप्सीतली 'जागेवर खात्री' आली कुठून

बायोप्सीच्या, म्हणजे स्तनातला तुकडा काढायच्या, मशीनमध्येच तो तुकडा तपासून तिथल्या तिथं सांगायचं, बरोबर जागचा आलाय का नाही, यावर सध्या बरंच काम चाललंय. मिरजेत अशा मशीनचा डेमो झाला की ओळखीतले लोक मला विचारतात हे काय नवीन निघालं. मी इथं लॅबमध्ये 90 च्या दशकापासून स्लाइडी आणि ब्लॉक करतोय, आणि मला तरी हे जुन्याच गोष्टीला नवीन कपडे घातल्यासारखं वाटतं. कपडे चांगले आहेत, ते नाकारत नाही.

अगदी जुनं लवकर उरकतो कारण तो काळ मी पाहिलेला नाही. 1905 च्या सुमारास अमेरिकेत तुकडा गोठवून, कापून, रंगवून काही मिनिटांत बघायची रीत बसली, म्हणजे फ्रोझन सेक्शन. जागेवर खात्री ती हीच, पण तिचा वापर असा झाला की बाईला भूल द्यायची, गाठ काढायची, रिपोर्ट वाईट आला तर त्याच भुलीत स्तन काढून मोकळं व्हायचं. उठल्यावर काय असेल ते तिला झोपताना माहीत नसायचं. 1979 मध्ये तिकडच्या तज्ज्ञांच्या एका परिषदेनं सांगितलं की आधी बायोप्सी, मग बोलणं, मग ऑपरेशन. त्यानंतर तुकडा सुईनंच काढायला जोर आला.

आमच्याकडं खरा जमाना एफएनएसीचा, म्हणजे बारीक सुईनं पेशी ओढून तपासायच्या. 22-23 नंबरची सुई, सिरिंज, काचेची स्लाइड, संपलं. मी स्लाइड ओढली की रंगवायच्या आधीच कळायचं, कारण नुसती चरबी आली असेल तर काचेवर तेलाचे थेंब चमकत राहतात, वाळतच नाहीत, आणि गाठीतला माल आला असेल तर रव्यासारखं बारीक कणकण दिसतं. थेंब दिसले की आमचे डॉक्टर सर लगेच म्हणायचे, "मावशी, अजून एकदा टोचतो हं." हे रियल टाइम नाही तर काय होतं?

मग एफएनएसी मागं का पडली. एक तर सुट्या पेशींवरून कॅन्सर दुधाच्या नळीतच आहे का बाहेर पसरलाय ते सांगता येत नाही. दुसरं म्हणजे 1998 मध्ये हर-टू वर (काही स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर जास्त असणारं प्रथिन) चालणारं औषध आलं आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवायला चांगला अख्खा तुकडा लागायला लागला. स्प्रिंगची गन 80 च्या दशकात स्वीडनमधून आलेलीच होती, 14 नंबरची सुई, खट्ट आवाज, काडीएवढा तुकडा, हीच कोअर बायोप्सी. (नंबर वाढला की सुई बारीक, नवीन पोरं इथं हमखास घोळ घालतात.) तुकडा फॉर्मालिनच्या (तुकडा खराब होऊ न देणारं द्रावण) बाटलीत टाकला की पांढरा, घट्ट असेल तर बुडतो, पिवळा चरबीचा असेल तर तरंगतो. सोनोग्राफीच्या खोलीत सगळ्यांची नजर बाटलीवर. शंभर टक्के खरं नाही हे, पण फुकट आहे.

मॅमोग्राफीत दिसणाऱ्या बारीक कॅल्शियमच्या ठिपक्यांना मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथं हाताला गाठच लागत नाही. 1995 च्या आसपास व्हॅक्यूमवाली सुई आली, एकदाच आत घालायची आणि फिरवत फिरवत तुकडे ओढून घ्यायचे. त्यात ठिपके आले का बघायला तुकड्यांचाच एक्स-रे काढतात. पूर्वी तंत्रज्ञ बशी घेऊन दुसऱ्या मशीनकडं जायचा आणि बाई तोवर मॅमोग्राफीच्या दोन पाट्यांमध्ये स्तन दाबून, सुई आत, हलू नको म्हणून सांगितलेली. 2010 च्या दशकाच्या शेवटी शेवटी जी मशीनं आली त्यात नळीतून तुकडा थेट छोट्या कप्प्यात जातो आणि काही सेकंदांत त्याचा एक्स-रे पडद्यावर. तेवढी वाट बघणं वाचलं, आणि ते ज्या बाईचं वाचलं तिला विचारा त्याची किंमत.

आता घोळ आहे तो डेमोतल्या 'व्हेरिफाय' (खात्री करणं) या शब्दाचा, आणि माझा राग पण त्याच्यावरच आहे. या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात. सुई ठरल्या जागी आहे, हे सोनोग्राफी सांगते. तुकड्यात जे पाहिजे होतं ते आलंय, हे तुकड्याचा एक्स-रे सांगतो. आणि तुकडा कशाचा आहे, हे मायक्रोस्कोप सांगतो. डेमोत दुसरी गोष्ट दाखवतात आणि बोलतात असं की ऐकणाऱ्याला तिसरी वाटावी. ठिपके पडद्यावर आले म्हणजे ठिपके आले, बस, ते साध्या बदलामुळं आलेत का कॅन्सरमुळं हे एक्स-रे सांगत नाही. आणि दोष एकट्या मशीनवाल्यांचा नाही, आम्ही रिपोर्टवाले पण स्वच्छ नाही. एफएनएसीत सी-1 म्हणजे माल पुरेसा नाही, सरळ. पण कोअर बायोप्सीच्या ब्रिटिश कोडमध्ये बी-1 म्हणजे 'अपुरं किंवा नॉर्मल', दोन्ही एकाच डब्यात! म्हणजे बी-1 वाचून नातेवाईक पेढे वाटायच्या तयारीत आणि सर्जन म्हणतो गाठ चुकली वाटतं. तिथं सोनोग्राफीचं चित्र शेजारी ठेवून रिपोर्ट जुळतो का हे माणसालाच बघावं लागतं.

पुढची पिढी प्रकाशावर चाललीय. 1928 ला कलकत्त्यात सापडलेला रामन परिणाम (पदार्थावर पडून परतलेल्या प्रकाशाचा रंग पदार्थानुसार किंचित बदलतो) वापरून कॅल्शियम कुठल्या जातीचं ते ओळखायचा प्रयत्न आहे, ऑक्झलेट असेल तर बहुतेक वेळा साधं, हायड्रॉक्सिअपेटाइट असेल तर दोन्हीकडं जाऊ शकतं. काहीजण ताज्या तुकड्यावर चमकणारा रंग टाकून न कापताच मायक्रोस्कोपखाली बघतात. कल्पना चांगली, फक्त तुकडा त्यात सुकता कामा नये, कारण तासाभरात फॉर्मालिनमध्ये जावा आणि तिथं 6 ते 72 तास राहावा असा हर-टू तपासणीचा नियम आहे.

आमच्याकडं जत, आटपाडीकडनं येणाऱ्या बहुतेक बायका हाताला लागणारी गाठ घेऊनच येतात, ठिपक्यांवर पकडलेली केस क्वचित. त्यांना एक्स-रेच्या कप्प्याचा फार उपयोग नाही, तुकडा काचेवर टेकवून, झटपट रंगवून, तिथंच पेशी बघणारा माणूस असला तरी पुष्कळ झालं.

एक बाटली माझ्या अजून डोळ्यासमोर आहे, कुठून आली ते लिहीत नाही. एसटीनं पाठवलेली, दोन दिवसांनी हातात पडली. चार तुकडे, सगळे पांढरे, सगळे तळाला, बघूनच वाटावं वा काय नेम आहे. झाकण उघडलं तर फॉर्मालिनचा झणका नाही, उलट कुबट वास. सलाइन भरलेलं. मायक्रोस्कोपखाली सगळा लगदा. फोन मी केला, उचलला त्या पेशंट बाईच्या मुलानं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "परत सुई म्हणजे तिथंच जायचं का आता तुमच्याकडं यायचं?"