दीपगृहांची रसद वाहणारी ‘लायलॅक’

जहाजाच्या अंगावर रंगवलेलं नाव हा त्याच्या ओळखीचा सगळ्यात कच्चा पुरावा. मालक बदलला की नाव जातं, धुराड्यावरचे पट्टे जातात, डेकवर नव्या खोल्या चढतात. नदीकाठच्या गाळात पडून राहिलेलं एखादं पोलादी धूड कधीकाळी काय काम करत होतं हे शोधायचं असेल, तर आधी त्याचा पुढचा डेक बघावा.

अमेरिकेच्या लाइटहाउस टेंडरांच्या बाबतीत हा डेक जवळजवळ सगळंच सांगून टाकतो. ही जहाजं दीपगृहांना कोळसा, तेल, शिधा, गोडं पाणी पोचवायची. पुस्तकांच्या फिरत्या पेट्यासुद्धा त्यांच्यावरूनच जायच्या. तपासणीचे साहेबही त्यांच्यावरूनच यायचे, त्यामुळे लांबवर टेंडर दिसलं की दीपगृहात झाडलोट सुरू व्हायची. पण कंबरडं मोडणारं काम होतं ते बोयांचं, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचं. काही टन वजनाचा बोया, त्याखाली जाडजूड साखळी, तळाशी काँक्रीटचा ठोकळा. हे सगळं वर ओढायचं, शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, साखळीची कडी किती झिजली ते मापायचं आणि बोया पुन्हा नेमक्या जागी सोडायचा.

म्हणून टेंडरचा पुढचा डेक मोकळा, रुंद आणि पाण्याच्या जवळ असतो. मालवाहू जहाजात तिथे गोदामाची झाकणं असतात. टगबोटीत मोकळी जागा मागे असते, कारण तिला ओढायचं असतं. टेंडरच्या मोकळ्या डेकमागे लगेच डोलकाठी, तिला जोडलेला डेरिकचा, म्हणजे वजन उचलणाऱ्या यारीचा दांडा आणि त्यामागे कप्तानाची खोली, बोया सतत नजरेत राहावा म्हणून. बोये बहुतेक उथळ पाण्याच्या कडेला, त्यामुळे जहाजाची पाण्यातली खोली कमी. पाण्याखाली जहाज ढकलणारे पंखे दोन असले तर आणखी बरं. एक पुढे, एक मागे फिरवला की जहाज जागच्या जागी वळतं. नाळेवर पितळी दीपगृहाचं चिन्ह लावायची प्रथा होती, पण पितळ सगळ्यात आधी चोरीला जातं.

यानंतर कागद. इंजिनांवर ठोकलेले आकडे आणि बांधणाऱ्याची पाटी जुन्या दप्तराशी ताडून बघायची. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तटरक्षक दलाची कागदपत्रं ‘रेकॉर्ड ग्रुप २६’ या गठ्ठ्यात आहेत आणि जुन्या दीपगृह खात्याचं दप्तरही त्यातच आहे. त्या खात्यात टेंडरांना झाडाफुलांची नावं द्यायची पद्धत होती.

अशीच एक फुलाच्या नावाची ‘लायलॅक’. डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनच्या ‘प्युसी अँड जोन्स’ कारखान्यानं ती १९३३ मध्ये बांधली. लांबी सुमारे १७३ फूट, दोन बॉयलर, दोन तिहेरी प्रसरणाची वाफेची इंजिनं. आयुष्य गेलं डेलावेअर नदीत आणि तिच्या खाडीत. वाफेवर चालणारी अमेरिकी लाइटहाउस टेंडर म्हणून आज ही एकच शिल्लक आहे.

१९३३ साली डिझेल इंजिनं सर्रास मिळत होती. तरी वाफ का? इंजिनाचं काम समजून घेतलं की उत्तर मिळतं. बॉयलरची वाफ आधी सर्वांत लहान सिलिंडरमध्ये शिरते आणि दट्ट्या ढकलते. दाब उतरलेली, फुगलेली वाफ मग मधल्या आणि शेवटी सर्वांत मोठ्या सिलिंडरमध्ये जाते. वाफेचा दाब वातावरणाच्या चौदापट असेल, तर तो एकपटीवर येईपर्यंत ती सुमारे बारापट जागा व्यापते. एवढं सगळं प्रसरण एकाच सिलिंडरमध्ये उरकायला गेलं तर त्याच्या भिंती प्रत्येक फेरीत थंड पडतात आणि पुढची गरम वाफ काम करण्याआधीच त्यांच्यावर पाणी होऊन बसते. तीन टप्पे केले की प्रत्येक सिलिंडरला तापमानातली लहानशी घटच सोसावी लागते.

ही झाली इंधनाची बचत. टेंडरच्या कप्तानाला मात्र दुसराच गुण हवा असायचा. त्या काळातली थेट पंख्याला जोडलेली मोठी डिझेल इंजिनं उलटी फिरवायची तर थांबवून पुन्हा चालू करावी लागत. वाफेच्या इंजिनात झडपांची सांधेजोड सरकवली की तोच दंड उलटा फिरतो. शिवाय ते थांबलेल्या अवस्थेतूनच पुरा जोर लावतं आणि अगदी सावकाशही फिरतं. वाऱ्यात, ओहोटीच्या ओढीत, डोलणाऱ्या बोयापाशी जहाज वीतभर पुढेमागे करायचं असेल तर यासारखं सुख नाही.

१ जुलै १९३९ रोजी दीपगृह खातं तटरक्षक दलात विलीन झालं. पुढे अनेक वाफेच्या टेंडर निवृत्त झाल्या, काहींची इंजिनं बदलली. ‘फर’ नावाच्या टेंडरमध्ये १९५१ साली डिझेल इंजिनं बसवली. ‘लायलॅक’ मात्र १९७२ पर्यंत वाफेवरच राबली, मग खलाशांच्या प्रशिक्षणाला गेली आणि त्यानंतर व्हर्जिनियातल्या जेम्स नदीत पडून राहिली. माझ्या मते हे पडून राहणंच तिच्या पथ्यावर पडलं. कुणी पैसेवाल्यानं हौसेनं दुरुस्ती काढली असती तर पहिला बळी इंजिनांचा गेला असता. २००३ मध्ये जतन करणाऱ्यांनी तिला विकत घेतलं, पुढे राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत तिचं नाव चढलं. आता ती न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीवर ‘पिअर २५’ या धक्क्याला असते.

जतनाची पहिली लढाई गंजाशी, आणि गंज दिसतो तिथे नव्हे तर दिसत नाही तिथे घातक. जुन्या रिव्हेटच्या जोडांत लालबुंद तापवलेला रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा जाड खिळा, ठोकलेला असतो. थंड होताना तो आकसतो आणि दोन पत्रे आवळून धरतो. पण त्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं तर तिथला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि पत्रे फाकवतो. बाहेरून रंग धडधाकट दिसत राहतो. म्हणून पत्र्याची जाडी आवाजानं मोजतात. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. दहा मिलिमीटरच्या पत्र्यातून जाऊन परत यायला त्याला जेमतेम ३.४ मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनी लवकर आला, की तिथे पत्रा खाल्ला गेलाय.

मग वाद येतो, जहाज कोणत्या सालातलं दाखवायचं? १९३३ मधलं दीपगृह खात्याचं, दुसऱ्या महायुद्धात राखाडी रंग आणि तोफ मिळालेलं, की १९७२ मधलं? ऐतिहासिक जहाजांच्या जतनाबद्दल अमेरिकेच्या अंतर्गत खात्यानं १९९० मध्ये मानकं काढली. काळाच्या ओघात झालेल्या बदलांनाही स्वतःचं महत्त्व असू शकतं, हे त्यांत मान्य केलेलं आहे. मला हे पटतं. सगळं खरवडून ‘मूळ’ सालाला जायचं म्हणजे बहुतेकदा पुरावा पुसून नवं नाटक उभं करायचं.

पुन्हा वाफ करायची असेल तर सगळं अडतं बॉयलरपाशी. त्याची चाचणी वाफेनं घेत नाहीत, गार पाणी भरून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन घेतात. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठून राहत नाही. नळी फुटलीच तर दाब क्षणात कोसळतो आणि फरशी ओली होते. तीच नळी वाफ असताना फुटली तर माणसं भाजतात. ही चाचणी पार होईपर्यंत इंजिन हातानं थोडं थोडं फिरवत आणि तेल देत ठेवायचं, नाहीतर दट्ट्याच्या कड्या सिलिंडरला गंजून चिकटतात.