टेम्पोतच कॅन भरणे सुरक्षित असते का?

नवी मुंबईत, विशेषतः नेरूळ-खारघरच्या मोठ्या हिरवळींवर बसून चालवण्याची गवतकापणी यंत्रे वापरणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की रुजली आहे: प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून टेम्पोतील रबरी चटईवर ठेवलेला प्लॅस्टिकचा कॅन तिथल्या तिथे पेट्रोलने भरणे निर्धोक असते, शिवाय आपली हवा दमट, मग ठिणगी पडणार कुठून?

हा तर्क नेमका उलटा आहे. पेट्रोल नळीतून वाहताना घर्षणामुळे स्थिर विद्युतभार तयार होतो आणि कॅन रबरावर असल्यास त्या भाराला जमिनीत उतरायला वाटच उरत नाही. साचलेला भार नोझल व कॅनच्या तोंडादरम्यान ठिणगीच्या रूपाने मोकळा होऊ शकतो. दमट हवेने धोका थोडा घटतो, पण नळीच्या आत तयार होणारा भार थांबत नाही. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेम्पोच्या हौद्यात साचून राहते. म्हणून कॅन खाली जमिनीवर ठेवावा आणि भरून होईपर्यंत नोझल त्याच्या तोंडाला टेकलेले असावे.

यंत्राच्या टाकीत पेट्रोल ओतण्यापूर्वी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. सायलेन्सरभोवती अडकलेले वाळके गवत रोज काढावे. ‘उद्या बघू’ म्हणून टाळले जाणारे काम बहुधा हेच असते. टाकी काठोकाठ भरू नये, कारण उन्हात पेट्रोल प्रसरण पावते. ऑइल सपाट जागेवर तपासावे आणि पात्यांना हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढावी.