युगान्तश्रद्धा आणि अमेरिकी इव्हॅन्जेलिकल राजकारण

ख्रिस्ताचे दुसरे आगमन, त्याआधीचे महासंकट, हर्मगिदोनचे म्हणजे सत् आणि असत् शक्तींमधले अखेरचे युद्ध आणि ख्रिस्ताचे सहस्रवर्षांचे राज्य यांविषयीच्या श्रद्धेने अमेरिकेतील इव्हॅन्जेलिकल, म्हणजे बायबलला अंतिम प्रमाण मानून वैयक्तिक श्रद्धापरिवर्तनावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, ख्रिस्ती समाजाच्या राजकीय वर्तनाला दीर्घकाळ वळण दिले आहे. हे वळण एकाच दिशेचे नाही. या घटना कोणत्या क्रमाने घडणार, याविषयीची समजूत पालटली तसे राजकारणही पालटले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मंडळीच्या (चर्चच्या) श्रमांतून आधी सुराज्य उभे राहील आणि त्यानंतर ख्रिस्त येईल, हे मत प्रबळ होते. गुलामगिरीविरोध, दारूबंदी आणि परदेशातील मिशनकार्य यांना त्यातून बळ मिळाले. 1813 साली मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या पाठीशीही अशीच आशा होती. यादवी युद्धानंतरच्या दशकांत मात्र धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांची शिकवण रुजली. तिच्यानुसार जग उत्तरोत्तर बिघडतच जाणार, खरे श्रद्धावंत अचानक मेघांत घेतले जाणार आणि इस्राएलला दिलेली वचने अक्षरशः ज्यू लोकांच्याच बाबतीत पूर्ण होणार. 1909 सालच्या स्कोफील्ड संदर्भ-बायबलने ती घराघरांत नेली. त्यात वर मूळ वचन आणि त्याच पानाच्या तळाशी संपादक स्कोफील्ड यांची टीप छापलेली असे. त्यामुळे अनेक वाचकांच्या लेखी टिपेलाही जवळजवळ वचनाचेच वजन आले.

जग सुधारणारच नसेल तर कायदे करून काय साधणार, या विचाराने अनेकजण राजकारणापासून दूर राहिले. पॅलेस्टाइनचा प्रश्न मात्र त्यांनी आरंभापासून वेगळा ठेवला. रशियातील छळाने त्रस्त झालेल्या ज्यूंना तेथे वसवावे, असा अर्ज याच मताचे प्रचारक विल्यम ब्लॅकस्टोन यांनी 1891 साली राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांना दिला, आणि त्यावर उद्योगपती रॉकफेलर व बँकर मॉर्गन यांच्याही सह्या होत्या. पुढे 1948 साली इस्रायलची स्थापना झाली आणि 1967 साली संपूर्ण जेरुसलेम त्याच्या ताब्यात गेले, तेव्हा भविष्यवाणी डोळ्यांदेखत खरी ठरत असल्याची या श्रद्धावंतांची खात्री पटली.

1979 साली पाळक जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना स्थापन केली, तेव्हा अलिप्ततेचा काळ मागे पडला होता. तरी सगळ्या मागण्यांचे मूळ युगान्तश्रद्धेत शोधणे चुकीचे ठरेल. गर्भपात किंवा शाळेतील प्रार्थना हे वाद मुख्यतः नीतिविषयक कल्पनांतून आले. 1984 च्या निवडणुकीतील वादचर्चेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांना हर्मगिदोनविषयी थेट विचारण्यात आले, तेव्हा ते हजार वर्षांनी येईल की परवा हे कोणालाच ठाऊक नाही आणि त्यानुसार आखणी करावी असे आपण म्हटलेले नाही, असे उत्तर त्यांना द्यावे लागले.

या श्रद्धेचा ठसा सर्वांत स्पष्ट दिसतो तो इस्रायलविषयक धोरणात. पाळक जॉन हेगी यांनी 2006 साली उभारलेली ‘ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल’ ही संघटना शांततेसाठी भूमी सोडण्यास विरोध करते. 14 मे 2018 रोजी अमेरिकी दूतावास जेरुसलेमला हलवला गेला, त्या समारंभात समारोपाची प्रार्थना हेगी यांनीच केली. अनेक समर्थक मात्र युगान्तापेक्षा उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातील, अब्राहामाला आशीर्वाद देणाऱ्यांना देव आशीर्वाद देईल या वचनाचा आधार घेतात, आणि टीकाकार ही बाब सहसा दुर्लक्षितात. या राजकारणाची झळ बसणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांत ख्रिस्तीही आहेत, ही गोष्ट तर अमेरिकेतील चर्चेत फारच क्वचित येते. 2006 सालीच जेरुसलेममधील लॅटिन, सिरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि ल्यूथरन मंडळींच्या प्रमुखांनी एकत्रित जाहीरनामा काढून ख्रिस्ती झायोनवाद, म्हणजे पॅलेस्टाइनमधील ज्यूंचे राज्य ही देवाची योजना मानून ख्रिस्त्यांनी त्याला दिलेला पाठिंबा, ही खोटी शिकवण असल्याचे म्हटले आणि ती नाकारली.